मीराचा माझा आकडा इतरांपेक्षा ठळक येतोय. तसाच पाठवू की बदलू?

रातवा

नमस्कार. रूपविकारी तारे, म्हणजे ज्यांचं तेज कमी-जास्त होत राहतं असे तारे, बघायला मी नव्यानंच सुरुवात केली आहे. पहिला तारा म्हणून तिमिंगल या तारकासमूहातला मीरा निवडला, कारण तो सध्या उजळत चाललाय आणि सापडायलाही सोपा आहे. माझ्याकडे १०×५० चा बायनॉक्युलर आहे. एएव्हीएसओ या रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या अमेरिकन संघटनेच्या संकेतस्थळावर नाव नोंदवलं, निरीक्षकाचा कोड मिळाला, तिथूनच नकाशा काढून घेतला.

अडचण अशी आहे. परवा मला मीरा ३.४ प्रतीचा वाटला (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका लहान तितका तारा ठळक). तसं वहीत लिहिलं. मग आत येऊन संकेतस्थळावरचा प्रकाशवक्र, म्हणजे सगळ्यांच्या नोंदींचा आलेख, उघडला, तर त्या दोन-तीन दिवसांतले इतरांचे ठिपके ३.७ ते ३.९ मध्ये. त्याआधीच्या खेपेलाही असंच झालं होतं. माझा ३.६ आणि बाकीचे ४ च्या आसपास. म्हणजे मला तो दर वेळी ठळकच दिसतोय.

माझ्याबरोबर आकाश बघणारी एक मैत्रीण म्हणते, "एवढे अनुभवी लोक सांगतायत तर तेच खरं असणार. तू ३.७ टाक, म्हणजे तुझा ठिपका वेगळा पडणार नाही." दुसऱ्या एकाचं मत, की हात बसेपर्यंत काहीच पाठवू नये, शास्त्रज्ञांच्या कामात आपली भर म्हणजे कचरा. मला दोन्ही पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. जाणकारांनी सांगावं, पाठवू का, आणि पाठवायचं तर कोणता आकडा?

श्रवण७७

३.४. दुसरा आकडा तुम्ही पाहिलेलाच नाही, तो तुमच्या नावावर कसा जाईल? पाठवा आणि पुढच्या वेळी आकडा पाठवून झाल्यावरच प्रकाशवक्र उघडा.

कॅमेरा_आणि_तारे

मी यातून डीएसएलआरनं सुटका करून घेतली. साधी तिवई, ५० मिमीची लेन्स, रॉ फाइल, पाच-दहा सेकंदांची भरपूर छायाचित्रं. फोकस मुद्दाम किंचित बिघडवायचा, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश जास्त पिक्सेलवर पसरतो आणि मधला पिक्सेल भरून जात नाही. नंतर कॅमेऱ्याचे दोष काढायला घेतलेली डार्क आणि फ्लॅट छायाचित्रं वापरून वजा-भागाकार करायचा, फक्त हिरवी वाहिनी मोजायची आणि नोंद टीजी या, कॅमेऱ्याच्या हिरव्या वाहिनीसाठीच्या, पट्ट्याखाली टाकायची. जेपीजी मात्र अजिबात चालत नाही, कारण कॅमेरा आतल्या आत उजेडाचं प्रमाण बदलून टाकतो. शंभरांश प्रतीच्या घरात जाता येतं. डोळ्यांच्या वादात पडायचंच कशाला?

काळोखवही

रातवा, ३.४ पाठवा. हे मी जरा आग्रहानं लिहितोय, कारण नव्या निरीक्षकाला याच वळणावर चुकीचा सल्ला मिळतो आणि मग तो सल्ला पुढची अनेक वर्षं त्याच्या नोंदींतून वाहत राहतो.

तुमच्या मैत्रिणीच्या मनात असं दिसतंय, की मीराची त्या रात्रीची एक खरी प्रत कुठेतरी ठरलेली आहे आणि बहुमताला ती ठाऊक आहे. तसं नसतं. मीराचा फेरा सरासरी ३३२ दिवसांचा, पण कुठलीही दोन शिखरं सारखी नसतात. कधी तो २ च्या जवळ जातो, कधी ४.९ च्या वर चढतच नाही. या खेपेला तो काय करणार हे कुणालाच आधी सांगता येत नाही. म्हणून तर पाहायचं. अशा वेळी वीस जणांनी वीस ठिकाणांहून एकमेकांकडे न बघता अंदाज दिले, तर प्रत्येकाची चूक वेगळ्या दिशेची असते. सरासरी काढताना त्या एकमेकींना खातात. पण त्यातल्या पंधरा जणांनी आधीचे ठिपके बघून आपला आकडा थोडा सरकवला असेल, तर चुकाही हातात हात घालून एका बाजूला चालतात. मग कितीही सरासरी काढा, त्या जात नाहीत. आणि वाईट हे, की असा प्रकाशवक्र दिसायला फार सुरेख, घट्ट, एकमुखी दिसतो. बाहेरून कळतसुद्धा नाही.

डोळ्यांनी घेतलेल्या अंदाजात ०.२-०.३ प्रतीचा पसारा असतोच, लाल ताऱ्यांत त्याहून जास्त. हे संशोधकांना ठाऊक आहे. मीरासारख्या ताऱ्याच्या नोंदी ते सहसा काही दिवसांच्या गटांत घेऊन सरासरीवर काम करतात. मीराची प्रत एका फेऱ्यात सहाच्या आसपास बदलते, तिथे तुमचं ०.३ काही उधळून लावत नाही. शिवाय एखादा निरीक्षक कायम ०.३ नं ठळक पाहत असेल, तर त्याच्या सगळ्या नोंदी एकत्र बघून ती सवय काढून टाकता येते. जो आज मनापासून लिहितो आणि उद्या बुजून सरकवतो, त्याच्या नोंदींवर मात्र कुणालाही काही उपाय करता येत नाही.

राधागोविंद चंद्र यांचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. यशोरच्या (आता बांगलादेशात) सरकारी खजिन्यात नोकरी करणारा माणूस. एएव्हीएसओनं त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला दिली होती. आयुष्यभरात त्यांनी ३७ हजारांहून जास्त नोंदी केल्या आणि त्या समुद्रापार पत्रानं पाठवल्या. दुसऱ्या कुणाचा त्या रात्रीचा आकडा त्यांना कळायचा तो आठवड्यांनी, महिन्यांनी. त्यामुळे त्यांची प्रत्येक नोंद त्यांच्या डोळ्यांचीच. आज आपल्याला हे वेगळेपण जाणीवपूर्वक राखावं लागतं, कारण इतरांचे ठिपके एका टिचकीवर आहेत.

अशा नोंदींतून काय निघतं, तेही सांगतो. वासुकीतला आर हायड्री हाही मीराच्याच जातीचा. अठराव्या शतकात त्याचा फेरा ४९५ दिवसांच्या आसपास होता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो ३८५ वर आला. एक तारा म्हातारपणी आतून बदलतोय हे माणसांच्या वह्यांमधून दिसलं. त्यातल्या कितीतरी नोंदी आजच्या मापानं ओबडधोबड आहेत, पण एकेक माणसानं त्या रात्री जे दिसलं ते लिहिलंय. "भर म्हणजे कचरा" म्हणणाऱ्यांना हा प्रकाशवक्र दाखवा.

आता तुमचा फरक का पडतोय ते बघू. आकडा दुरुस्त करायला नव्हे, तुमची पद्धत पक्की व्हायला. तुलनेला कोणते तारे घेतलेत? चंद्र होता का? मीरा किती उंच होता? बायनॉक्युलरमध्ये दोन्ही तारे एकदम दिसत होते का? आणि प्रत्येक ताऱ्याकडे किती वेळ पाहत होतात?

कॅमेरावाले, तुमचं काम उत्तम आहे आणि त्याची गरजही आहे. पण रातवा यांनी विचारलंय ते कॅमेऱ्यानं सुटत नाही. आपला ठिपका इतरांच्या ठिपक्यांत बसावा असा मोह संगणकासमोर बसलेल्यालाही होतो. कोणती छायाचित्रं गाळायची हे ठरवताना तर हमखास होतो.

कॅमेरा_आणि_तारे

हे शेवटचं मान्य. "ढग असावेत" म्हणून नेमकी न पटणारीच फ्रेम काढून टाकावीशी वाटते. मी आता फ्रेम निवडून झाल्याशिवाय मोजायला घेत नाही.

रातवा

सगळ्यांचे आभार. ३.४ पाठवला. काळोखवही, तुमच्या प्रश्नांची उत्तरं वहीत बघून देते.

तुलनेला तिमिंगलाचे गॅमा आणि डेल्टा. नकाशावर ते ३५ आणि ४१ असे आहेत. (दशांश चिन्ह लिहीत नाहीत, कारण तो ठिपका तारा वाटू शकतो, हे इथेच वाचून कळलं होतं.) मीरा डेल्टापेक्षा तर स्पष्ट ठळक होता, आणि गॅमाच्या बरोबरीचा, किंबहुना किंचित वरचढ. म्हणून ३.४.

चंद्र होता, अर्ध्याहून मोठा, आकाशाच्या दुसऱ्या बाजूला. मीरा पूर्वेला, उगवून फार वेळ झाला नव्हता, वीसेक अंशांवर असेल. बायनॉक्युलरमध्ये मीरा मध्याजवळ ठेवून पाहिला, मग डेल्टा अगदी कडेला दिसेपर्यंत बायनॉक्युलर सरकवला. गॅमा त्याच्याही पुढे, त्याच्यासाठी आणखी सरकवला. आणि पाहिलं बराच वेळ, घाई नको म्हणून. मीराकडे एकेका वेळी अर्धा-एक मिनिट.

काळोखवही

वहीत इतकं सगळं लिहिलेलं आहे, हे वाचून फार बरं वाटलं. अशा नोंदीवर काम करता येतं.

तुमच्या उत्तरात चार गोष्टी आहेत आणि चारही मीराला ठळक करणाऱ्या आहेत. योगायोगानं त्या एका रात्रीत एकत्र आल्या.

सगळ्यात आधी बायनॉक्युलरची कड. मीरापासून डेल्टा सुमारे ६ अंशांवर आहे आणि १०×५० च्या बहुतेक बायनॉक्युलरांत साडेसहा अंशांच्या आसपासचंच आकाश मावतं. कडेच्या ताऱ्याचा सगळा प्रकाश डोळ्यापर्यंत येत नाही आणि त्याची आकृतीही ओढली जाते. त्यामुळे डेल्टा होता त्याहून फिका दिसला आणि मीराचा वरचढपणा तिथेच मनात ठसला. दोन तारे तुलनेला घेताना दोघांनाही आळीपाळीनं बरोबर मध्यात आणायचं, किंवा मध्यापासून दोघांना सारखं दूर ठेवायचं. एक मध्यात आणि एक कडेला, हे कधीच नाही.

पण मुळात या प्रतीला बायनॉक्युलर हवाच कशाला? मीरा चारच्या वर आला की नुसत्या डोळ्यांनी बघा. चष्मा असेल तर लावून. जितक्या छोट्या साधनानं तारा सहज दिसतो, तेवढंच साधन घ्यावं. नुसत्या डोळ्यांना मीरा, डेल्टा, गॅमा, आल्फा हा सगळा तुकडा एकदम दिसतो, आठवणीवर विसंबावं लागत नाही. बायनॉक्युलर मीरा पाच-साडेपाचच्या खाली उतरल्यावर काढा, मग तो नवव्या प्रतीपर्यंत तुमची सोबत करेल.

दुसरी गोष्ट उंची. आपल्या अक्षांशांवर मीरा गॅमाच्या आधी उगवतो, म्हणजे पूर्वेला असताना मीरा वर आणि गॅमा सुमारे चार अंश खाली. डोक्यावर चार अंशांचा फरक काहीच नाही. पण २० अंशांवरचा तारा आणि १६ अंशांवरचा तारा यांच्यामध्ये हवेचा थर इतका वाढतो, की स्वच्छ रात्रीही खालच्याची प्रत ०.१५ ते ०.२ नं उतरते. तुमचा बराचसा फरक एवढ्यातच निघू शकतो! थांबा, तिमिंगलाला किमान ३० अंश वर येऊ द्या, त्याहून वर आला तर आणखी चांगलं. सगळे तारे खाली असतानाच पाहावं लागलं, तर अहवालात एल हा शेराकोड (शेऱ्यासाठीचं ठरलेलं अक्षर) टाका, म्हणजे तारा क्षितिजाजवळ होता हे वाचणाऱ्याला कळेल.

आता रंग. मला या साऱ्या छंदातला हाच भाग सगळ्यात विलक्षण वाटतो. मीरा लाल, गॅमा पांढरा, डेल्टा निळसर. अंधाराला सरावलेला डोळा आणि उजेडातला डोळा ही जवळजवळ दोन वेगळी यंत्रं आहेत. मंद उजेडात डोळ्यातल्या दंडपेशी काम करतात, त्यांना लाल रंग फारसा कळत नाही. उजेड वाढला की शंकूपेशी पुढे येतात आणि लाल तारा पांढऱ्याच्या तुलनेत वर चढतो. याला पुरकिन्ये परिणाम म्हणतात. चंद्रामुळे आकाश उजळलं, की तोच मीरा त्याच गॅमापुढे ठळक वाटू लागतो. मोठ्या भिंगातून पाहिलं तरी तेच. आणि टक लावून पाहिलं तर लाल तारा बघता बघता आणखी उजळ होत जातो, हे मी प्रत्येक नव्या निरीक्षकाला स्वतः करून पाहायला सांगतो. तुमचं अर्ध्या-एक मिनिटाचं निरखणं काळजीपोटी होतं, पण लाल ताऱ्याच्या बाबतीत काळजी म्हणजे झटकन पाहणं. एक नजर मीराकडे, एक गॅमाकडे, पुन्हा मीराकडे, आणि मनात पहिला जो कौल उमटतो तो घ्या. दोन तारे जोडणारी रेघ दोन डोळ्यांच्या रेघेला समांतर येईल अशी मान किंवा अंग फिरवा. एक तारा वर आणि एक खाली असला, की डोळा दोघांना सारखा न्याय देत नाही.

चंद्र असलेल्या रात्री पाहू नये असं नाही. पाहा, आणि बी हा कोड लावा, म्हणजे आकाश उजळ होतं. आकड्याबद्दल मन साशंक असेल तर झेड. हे शेरे म्हणजे कमीपणा नव्हे, त्यांनीच नोंद भरवशाची होते.

प्रत्यक्ष अंदाज असा घ्या. गॅमा ३.५, डेल्टा ४.१. मधलं अंतर ०.६. मनात त्याचे तीन समान भाग करा. मीरा गॅमाच्या एक भाग खाली वाटला तर ३.७, दोन भाग खाली वाटला तर ३.९. गॅमापेक्षा वरचढ वाटला तर आल्फा घ्या, तो २.५ चा. आल्फा स्वतःही लालसर आहे, त्यामुळे मीराशी त्याची तुलना डोळ्याला सोपी जाते. तो बराच पूर्वेला असल्यामुळे उंचीचा नियम मात्र त्याला आणखी कडकपणे लावा.

आणि रोज पाहू नका. मीरासाठी आठवड्यातून एकदा पुरे. रोज पाहिलं की कालचा आकडा डोक्यात असतो आणि डोळा त्याच्याच आसपास उत्तर शोधतो. स्वतःच्या जुन्या ठिपक्याचा दाबही इतरांच्या ठिपक्यांइतकाच असतो. मी नोंदवहीचं मागचं पान क्लिपनं बंद करून ठेवतो.

श्रवण७७

यात एक जोड. वरवर पाहता इतका धिम्या गतीनं फुगणारा-आक्रसणारा हा तारा अवकाशात १३ प्रकाशवर्षं लांबीची शेपटी सोडत चाललाय, हे २००७ मध्ये गॅलेक्स या अतिनील दुर्बिणीनं दाखवलं. आपण ज्याची प्रत लिहितो तो लाल ठिपका असा आहे, हे आठवलं की मला थंडीत उभं राहायला बळ येतं.

पायथन_खगोल

वातावरण बिघडवायचं नाही, पण मूळ प्रश्न विचारतोच. आज आकाशाचं स्वयंचलित सर्वेक्षण करणाऱ्या दुर्बिणी दर एक-दोन रात्रींनी सगळं आकाश टिपतात. अवकाशातून गाया आणि टेस नं मोजमाप केलंय. मग ०.२ च्या पसाऱ्याचे डोळ्यांचे अंदाज अजून कुणाला हवेत? राधागोविंद चंद्रांच्या काळी ठीक होतं.

काळोखवही

विचारलंत ते बरं झालं. नवे लोक इथेच थबकतात.

पहिलं, ठळक तारे. ही सर्वेक्षणं अंधुक तारे पकडण्यासाठी बांधलेली आहेत. ॲसॅसनसारख्या सर्वेक्षणात दहाव्या-अकराव्या प्रतीपेक्षा ठळक ताऱ्यानं कॅमेऱ्याचे पिक्सेल भरून वाहतात. मोठ्या नव्या दुर्बिणींची तर त्याहून कितीतरी अंधुक ताऱ्यांपाशीच ही अडचण सुरू होते. म्हणजे मीरा शिखरावर असताना, किंवा काक्षी (बीटलज्यूस) २०१९ च्या अखेरीस मंदावत २०२० च्या फेब्रुवारीत १.६ पर्यंत उतरला तेव्हा, ही यंत्रं जवळजवळ आंधळी. अनुराधा नक्षत्रातला डेल्टा स्कॉर्पी घ्या. पिढ्यान् पिढ्या २.३ प्रतीचा, स्थिर म्हणून गणलेला. २००० मध्ये अर्जेंटिनाच्या सबॅस्टियन ओटेरो या हौशी निरीक्षकाच्या लक्षात आलं, की हा नेहमीपेक्षा ठळक दिसतोय. यंत्र नव्हतं, ओळखीचं आकाश होतं. ताऱ्याभोवती वायूची तबकडी तयार होत होती आणि पुढे तो १.६ च्या घरात गेला.

दुसरं, वेळेवर सांगणं. हंसातला एसएस सिग्नी १८९६ मध्ये सापडला, तेव्हापासून त्याच्यावर जवळजवळ अखंड पहारा आहे. बाराव्या प्रतीवर पडून असतो आणि साधारण ५० दिवसांनी एकदा, एक-दोन दिवसांत आठव्यापर्यंत उसळतो. रेडिओ दुर्बिणींनी त्याचं अंतर मोजायचं ठरवलं तेव्हा अडचण ही, की तो उसळलेला असतानाच रेडिओत दिसतो. ती उसळी सुरू झाल्याची वर्दी जगभरच्या हौशी निरीक्षकांनी दिली. २०१३ मध्ये निकाल आला, अंतर सुमारे ३७० प्रकाशवर्षं. आधी हबलच्या मोजणीतून ५२० च्या आसपास आलं होतं आणि त्या आकड्यानं अशा ताऱ्यांच्या उसळीचा सगळा सिद्धांतच अडचणीत आणला होता.

हबलचा उलटा किस्साही आहे. याच जातीच्या ताऱ्यांचे वर्णपट घ्यायचे होते, पण तारा ऐन वेळी उसळला तर उपकरणाच्या संवेदकाला इजा होईल अशी भीती. म्हणून निरीक्षणाच्या आधीच्या रात्री स्वयंसेवक तारा बघत होते, आणि तो शांत आहे अशी खात्री पटली तरच दुर्बीण तिकडे वळायची. अवकाशातल्या एवढ्या मोलाच्या यंत्राचा निर्णय अंगणात उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेवर.

तिसरं, सलगता. एएव्हीएसओ १९११ पासून आहे, ब्रिटिश खगोल संघटनेचा रूपविकारी ताऱ्यांचा विभाग १८९० पासून. डोळा हे उपकरण या सगळ्या काळात बदललेलं नाही. आर हायड्रीसारखी गोष्ट दहा वर्षं चाललेल्या सर्वेक्षणातून दिसत नाही.

आणि एक कबूल करतो. चौदाव्या प्रतीचा, थोड्याच प्रमाणात बदलणारा तारा असेल तर तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. तिथे डोळ्यानं जाऊ नये, तो वेळ वाया आहे. म्हणूनच कोणता तारा निवडता याला महत्त्व आहे.

पायथन_खगोल

ठळक ताऱ्यांचा मुद्दा माझ्या लक्षातच नव्हता. पटलं. माझ्याकडे सर्वेक्षणाचा डेटा डाउनलोड करायची स्क्रिप्ट आहे, त्यात मीरा शिखराजवळ असतानाचे ठिपके विचित्र का येतात हे आत्ता समजलं.

ययातीची_तलवार

रातवा, मी मुख्यतः ग्रहणकारी जोडतारे, म्हणजे ज्यातला एक तारा दुसऱ्याला झाकतो असे, बघतो, म्हणून वेगळी सूचना. मीरासोबत एखादा लवकर बदलणारा ताराही घ्या, डोळ्याला सराव होतो. वृषपर्वातला डेल्टा सेफी ३.५ ते ४.४ मध्ये ५.४ दिवसांत फिरतो, पिवळसर आहे, रंगाचा त्रास कमी. ययातीतला अलगूल तर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी २.१ वरून ३.४ वर उतरतो, सगळं ग्रहण एका रात्रीत बसतं. या दोन्ही ताऱ्यांचे फेरे जॉन गुडरिक या इंग्रज हौशी निरीक्षकानं १७८० च्या दशकात नुसत्या डोळ्यांनी मोजले. त्याला ऐकू येत नव्हतं, अलगूलचा फेरा त्यानं मोजला तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि एकविसाव्या वर्षी गेला.

फक्त अलगूलमध्ये एक सापळा आहे, काळोखवहींच्या मुद्द्याशी जुळणारा. किमान प्रतीची वेळ आधीच छापलेली मिळते. ती माहीत असली की डोळा बरोबर त्या वेळेला तारा सगळ्यात अंधुक ठरवतो. मी घरच्यांना वेळापत्रक बघायला सांगतो, "आज रात्री ग्रहण आहे" एवढंच मला कळवा, वेळ सांगू नका. दर दहा-पंधरा मिनिटांनी अंदाज घेतो, आणि दुसऱ्या दिवशी आलेख काढून तळ कुठे आला ते बघतो.

रातवा

खूप काही मिळालं. काल आकाश स्वच्छ होतं, चंद्र उशिरा उगवणार होता. तिमिंगल चांगला वर येईपर्यंत थांबले आणि नुसत्या डोळ्यांनी, झटपट नजरेनं पाहिलं. ३.५ आला. गॅमाच्या बरोबरीचा. पाठवून टाकला, प्रकाशवक्र अजून उघडलेला नाही आणि पुढची नोंद होईपर्यंत उघडणारही नाही.

दोन शंका उरल्या. आधीच्या दोन नोंदी चंद्र असताना आणि तारे खाली असताना घेतल्या होत्या. त्या मी शेऱ्याशिवाय पाठवल्या. आता दुरुस्त करून बी आणि एल लावू का? आणि पुढे मीरा उतरत जाऊन बायनॉक्युलरमधूनही दिसेनासा झाला, तर त्या रात्री काहीच पाठवायचं नाही ना?

काळोखवही

चंद्र आणि उंची दोन्ही त्या रात्रीच वहीत लिहिलेलं असेल, तर नोंदी उघडून कोड लावा. संकेतस्थळावर आपली नोंद आपल्याला बदलता येते. वहीत नसेल आणि आता आठवून लिहायचं असेल, तर राहू द्या. आकड्याला कुठल्याही परिस्थितीत हात लावू नका.

दिसला नाही तरी पाठवायचं. नकाशावरचा जो सगळ्यात अंधुक तुलनेचा तारा तुम्हाला नक्की दिसला, त्याची प्रत लिहा आणि पुढे "यापेक्षा अंधुक" अशी खूण करा. समजा ८.८ चा तारा दिसला आणि मीरा नाही, तर नोंद "८.८ पेक्षा अंधुक". ती पूर्ण किमतीची नोंद आहे. हा तारा साधारण ११० दिवसांत चढतो आणि त्याहून सावकाश उतरतो. पुढच्या खेपेला तो नेमका कधी पुन्हा वर येऊ लागला हे ठरवताना अशाच नोंदी लागतात. फक्त जागा बरोबर होती ना, हे शेजारच्या ताऱ्यांवरून दोनदा तपासून घ्या. मीराच्या अगदी जवळ, दृश्यात त्याला चिकटल्यासारखा नवव्या प्रतीच्या आसपासचा एक तारा आहे, तो मीरा समजला जातो. त्यासाठी छोट्या क्षेत्राचा दुसरा नकाशा आत्ताच काढून ठेवा, आणि अहवालात त्या नकाशाचा क्रमांक टाका.